फोटोच्या उजव्या कडेला वनिता

एखाद्या बाईची बसायची जागा जाऊ नये म्हणून तुम्ही तिचा फोटो पत्रकावर छापलात, आणि भर बैठकीत तेच पत्रक वर धरून कुणी म्हणालं, "बघा, तुमच्याच फोटोत दिसतंय, बाई दारात बसते," तर तुम्ही काय कराल? आणखी चांगला फोटो काढाल? मी तेच केलं. तेव्हापासून मी गोंधळले आहे. वर्ष झालं, गोंधळ कमी झालेला नाही.

झेंडू परत आला आहे. पंचवटीच्या बाजारातून नदीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत सकाळी पाऊल टाकलं की आधी तो कडवट, ओलसर वास येतो, आणि वळण घेतल्यावर रंग दिसतो. काळ्या दगडांवर ओली पोती, पोत्यांवर पिवळे-केशरी ढीग. मखमलाबादकडून, म्हसरूळकडून टेंपो येतात, कॅरेट उतरतात, दोऱ्याची रिळं सुटतात. फुलांबरोबर मळ्यातल्या मधमाश्याही येतात. थंडीने त्या सकाळी गप्प असतात आणि ऊन वर आलं की ढिगातून जाग्या होऊन आपण कुठे आलो अशा चेहऱ्याने फिरायला लागतात. मधमाशीला चेहरा असतो का, ते मला ठाऊक नाही. पण गेल्या नवरात्रात मी त्यांच्यासारखीच फिरत होते, हे नक्की.

या गल्लीत बसणाऱ्या बायकांचा एक रिवाज आहे. ज्या घराच्या भिंतीला पाठ लावून बसायचं, त्या घरच्या देवाला रोजची फुलं द्यायची. भाडं नाही, पावती नाही, बोलणंही नाही. ओंजळभर झेंडू उंबऱ्यावर ठेवायचा आणि आपली पोती अंथरायची. मंगलमावशी मखमलाबादहून येते. घरचा मळा आहे, फुलं सून तोडते, विकायला मावशी बसते. तिची पाठ गुरुजींच्या भिंतीला. गुरुजी आमच्या गल्लीतले सगळ्यांत वयस्कर, यात्रेकरूंचे विधी करून आयुष्य काढलेले. मी शाळेत जायला लागले त्याच्या आधीपासून गुरुजींच्या देवघरात मंगलमावशीची फुलं जातात. दसऱ्याला तर ती त्यांच्या दाराचं तोरणही स्वतः ओवून देते. ते इतकं मोठं असतं की गुरुजी वाकून आत जातात.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या हातात वॉकर आला. चार पायांचा, रबरी टोकांचा. तो दगडावर टेकला की टक् असा आवाज येतो. गुरुजी दारातून बाहेर आले, की त्यांना वॉकर आपल्या डाव्या हाताला, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे, वळवावा लागतो, कारण रस्त्याचा उतार तिकडे सोपा आहे. आणि दारापाशी फुलांच्या पाट्या. गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर गल्लीतल्या लोकांचं म्हणणं पडलं की बायकांना बाजारामागच्या शेडमध्ये हलवावं. त्या शेडमध्ये गिऱ्हाईक फिरकत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण आपल्यापैकी कुणीही तिथे कधी गेलेलं नाही.

मी पेटले. मला पेटायला फार लागत नाही.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा सातपूरच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. जेवणाच्या ताटाशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी घडी घालायला शिकले ती पत्रकाची. साडीची घडी मला अजून नीट येत नाही. कागद मधोमध दुमडताना अंगठ्याला शाई लागायची, आणि तोच अंगठा वहीवर उमटल्याबद्दल बाई ओरडायच्या. बाबांचे नियम ठरलेले होते. एक पत्रक, एक चेहरा, एक मागणी. दुसरी मागणी घातली की वाचणारा पहिली विसरतो. दुसरा चेहरा घातला की तो विचारतो, यातला कोण आपला? "माणूस रस्त्यात उभा राहून वाचतो, मिनू," बाबा म्हणायचे, "त्याला बस पकडायची असते."

तर माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं, ‘फुलं हवीत, फुलवाली नको?’ खाली मंगलमावशीचा फोटो. त्याखाली एक मागणी: जागा तीच राहू द्या.

फोटो मी माझ्या जुन्या कॅमेऱ्याने काढला होता. कॉलेजपासून तोच वापरायचे. त्याचा सेन्सर लहान. ज्यांना यात रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लेन्समधून प्रकाशाचं एक वर्तुळ आत पडतं आणि सेन्सर त्या वर्तुळातला चौकोन उचलतो. सेन्सर लहान असला तर मधला लहान चौकोन, मोठा असला तर मोठा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्सही लहान वर्तुळाच्या बनवतात. स्वस्त पडतात, हलक्या असतात. माझी लेन्स तशी होती. आमच्या गल्लीत तिचा एक त्रास होता, मागे सरकायला जागा नाही. समोरच्या भिंतीला पाठ टेकली की संपलं. तिथून मावशी, तिच्या दोन पाट्या, मागे गुरुजींच्या दाराच्या चौकटीचा उभा लाकडी तुकडा, एवढंच मावायचं. मला तेवढंच हवं होतं. मावशीने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं होतं.

"काढ लवकर. गिऱ्हाईकाला वाटंल मी इलेक्शनला उभी हाय."

फोटो झकास आला. तिच्या नाकातल्या मुरणीवर ऊन, मांडीवर अर्धा ओवलेला हार. पत्रक मी घरोघर दिलं. आणि त्या रविवारी गल्लीच्या बैठकीत एका गृहस्थांनी तेच पत्रक वर धरलं. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही काही वेगळं म्हणत नाही. या ताईंच्याच फोटोत बघा. ही चौकट, आणि चौकटीला लागून पाट्या. दार कुठे आहे मग? गुरुजींनी उडी मारायची का?"

लोक हसले. मी फोटोकडे बघितलं. ते म्हणत होते ते दिसत होतं. चौकटीचा तो तुकडा आणि पाट्या यांच्यामध्ये बोट शिरेल एवढी जागा दिसत नव्हती. पण मावशी दारात बसत नाही! चौकटीच्या या बाजूला दार नाहीच, भिंत आहे. दार चौकटीच्या पलीकडे. फोटोत पलीकडचं काही नव्हतंच, म्हणून बघणाऱ्याने दार पाट्यांखाली घातलं.

निर्णय दसऱ्यानंतर घेऊ असं ठरलं. मला नऊ-दहा दिवस मिळाले.

योगायोगाने त्याच आठवड्यात माझ्या हातात मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आला. लग्नांचे फोटो काढणाऱ्या माझ्या मैत्रिणीने नवा घेतला होता, तिचा जुना मी घेतला. फुल फ्रेम. या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात काय केलं, ते आता सांगताना हसू येतं. मला वाटलं, हाच तो. अख्खी चौकट. मधलाच तुकडा दाखवून फसवणाऱ्यांना उत्तर. कंपनी तीच, लेन्स बसायचं माऊंट तेच, त्यामुळे माझी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर खट्कन बसली. दोघांचं लग्नच ठरलेलं असावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि डोळा लावला. मावशी, दोन पाट्या, चौकटीचा तुकडा.

तेच. जसंच्या तसं.

मी जरा गोंधळले, आणि मग खरं सांगायचं तर खूश झाले. म्हणजे मी आधी काही कापलंच नव्हतं तर! मोठ्या कॅमेऱ्यालाही तेवढंच दिसतं. कडेला असं काही नाहीच, जे मी लपवलं. मी त्या आनंदात तीसेक फोटो काढले. मावशीला दाखवले. मावशी म्हणाली, "ह्यो नवा हाय? मला तर जुन्यावानीच दिसते मी. उलट म्हातारी दिसते." मी तिला म्हणाले, मावशी, हा पूर्ण फोटो आहे, आता कुणाला बोलायला जागा नाही. हे मी गल्लीत आणखी चार जणांना सांगितलं. छातीवर कॅमेरा लटकवून.

बाबांनी तो फोटो घरच्या कॉम्प्युटरवर उघडला. या वेळी फलक करायचा होता, मोठा, भिंतीवर लावायचा. बाबांनी फोटो ताणला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मिनू, हा मोठा कॅमेरा ना?"

"हो."

"मग फाइल एवढीशी का? जुन्या कॅमेऱ्याचीसुद्धा याच्या दुप्पट यायची."

मी फाइल बघितली. खरंच लहान. अर्ध्याहूनही कमी. मला वाटलं, मैत्रिणीने सेटिंग बिघडवलं असणार. तिला फोन केला. ती पलीकडून इतकी हसली की मी फोन कानापासून लांब धरला.

"अगं येडे, लेन्स कुठली लावलीस? जुनी? मग कॅमेरा ओळखतो ना तिला. लहान वर्तुळाची लेन्स आली की तो गपचूप मधलाच भाग घेतो. आणि डोळा लावतेस तिथेही तेवढंच मोठं करून दाखवतो. तुला कळणार कसं?"

मला कळणार कसं? या वाक्यावर मी तो दिवस काढला. मी मोठ्या कॅमेऱ्याने बघत होते आणि मला लहान दिसत होतं, आणि ते लहान मोठं करून दाखवलं जात होतं, त्यामुळे मला ते पूर्ण वाटत होतं. काळी कड नाही, पट्टी नाही, काही नाही. कॅमेऱ्याने माझी फसवणूक केली असंही म्हणता येत नाही. त्याने लेन्सची लाज राखली. कुठल्या तरी मेनूच्या पोटात एक ओळ असते, ती बंद केली की तो हे करायचं थांबवतो. ती ओळ मी बंद केली आणि पुन्हा गल्लीत गेले.

या वेळी बरंच जास्त दिसलं, पण नळीतून बघितल्यासारखं. चारी कोपरे काळे. मधल्या गोल उजेडात मावशी, आणि चौकटीच्या पलीकडे दार! मोकळं दार. मी जवळजवळ ओरडलेच. मावशी चौकटीच्या अलीकडे, दार पलीकडे, दारापुढे हातभर दगड रिकामा. हेच तर मला सांगायचं होतं. आणि मग उजव्या काळ्या कोपऱ्यात, जिथे उजेड संपतो तिथे, एक कोपर दिसलं. हिरव्या बांगड्यांचं.

ते कोपर कुणाचं, हे मला ठाऊक होतं. मी तिला रोज बघत होते. तरी फोटोत ती येईपर्यंत मी तिला बघितलं नव्हतं, असं काहीतरी आहे. हे नीट सांगता येत नाही.

कोपर वनिताचं. वनिता पेठ तालुक्यातली. इकडे लग्न होऊन आली, नवऱ्याने म्हसरूळला मळा वाट्याने केला आहे, आणि गेल्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधी ती पहिल्यांदाच फुलं घेऊन गल्लीत आली. तिला जागा मंगलमावशीनेच दिली. मावशीचे गुडघे गेलेत, टेंपोतून कॅरेट उतरवायला तिला कुणीतरी लागतं. वनिता दोघींचे कॅरेट उतरवते आणि दाराच्या त्या बाजूला बसते. समोरून बघताना उजव्या बाजूला, जिथे गुरुजींना वॉकर वळवायचा असतो.

मला काळ्या कोपऱ्यांचा फोटो चालणार नव्हता. असा फोटो भिंतीवर लावला असता तर त्या गृहस्थांनी विचारलं असतं, काळ्यात काय दडवलंय? मोठ्या वर्तुळाची लेन्स हवी होती. नवी घेणं शक्य नव्हतं. मग बाबा उठले आणि कपाटातून त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याची लेन्स काढून आणली. त्या काळचे कॅमेरे सगळे मोठ्या चौकटीचे, त्यामुळे लेन्सही मोठ्या वर्तुळाच्या. आमच्या घरातली सगळ्यांत जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला पुरत होती आणि माझी नवी पुरत नव्हती. मध्ये एक रिंग लावावी लागते, फोकस हाताने करावा लागतो, एवढंच.

ती रुंद लेन्स होती. बाबा तिला मोर्चाची लेन्स म्हणायचे. मला आश्चर्य वाटलं. बाबांच्या पत्रकांवर तर नेहमी एकच चेहरा असायचा. मूठ वळलेला एक कामगार, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई.

"तो मी कात्रीने कापायचो," बाबा म्हणाले. "फोटोत अख्खा मोर्चा असायचा. मागे चहाची गाडी, कंटाळलेले पोलीस, आमच्यातलाच एक जण जांभई देताना. पत्रकाला एक चेहरा लागतो, तो कापून घ्यायचा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मला माहीत असायचं ना."

बाबा एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. मी मात्र तिथेच अडकले. बाबाही कापायचे, मीही कापते. पण ते बघून कापायचे. मी कापलेलंच बघत होते. हा फरक मोठा आहे की मी उगाच मोठा करते आहे? जो चेहरा त्यांनी ठेवला तो खराच होता. मोर्चाने मिळवलेला बोनसही खरा होता. त्या दिवाळीत मला फ्रॉक आला होता. जांभई देणारा माणूस पत्रकावर छापला असता तर बोनस मिळाला असता का?

मोर्चाच्या लेन्सने मी फोटो काढला तो अष्टमीच्या सकाळी. आदल्या रात्री पाऊस शिंतडून गेला होता, दगड चमकत होते. हाताने फोकस करताना आधी सगळी गल्ली पिवळा धूर झाली आणि मग एकेक गोष्ट जागेवर आली. मधोमध गुरुजींचं दार, पूर्ण मोकळं. दारात गुरुजी, वॉकर धरून. डावीकडे मंगलमावशी, तिच्या पाट्या भिंतीला चिकटून, शहाण्यासारख्या. उजवीकडे वनिता, तिचे कॅरेट उताराच्या तोंडाशी, बरोबर तिथे जिथे वॉकरचा पुढचा पाय टेकायला हवा. डाव्या टोकाला दुचाकींची रांग. कोपरे लख्ख.

गुरुजींनी वॉकर उचलला, उजवीकडे नेला, कॅरेटला लागला, परत आणला. टक्, टक्. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, काढलास का? जन्मभर लोकांच्या वाडवडिलांना स्वर्गाच्या वाटेला लावलं. आता मला रस्त्यापर्यंतची वाट मिळेना."

मी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला या बायका इथे नकोत का?"

"मला वळायला जागा हवी. तुम्ही लोक त्याचं भाषांतर वेगळंच करता. यांना हाकलायचं, किंवा मला गप्प बसवायचं." मग मंगलमावशीकडे वळून, "आणि मंगल, आजची शेवंती शिळी आहे हां. देवाला चालेल, पण मला कळलं."

"देवाला कळत नाय तर तुमाला काय कळतंय," मावशी म्हणाली. वनिता तोंडाला पदर लावून हसली.

हा फोटो मंगलमावशीला वाचवतो. त्यात शंकाच नाही. तो भिंतीवर लावला की कुणीही सांगेल, ही बाई दारात बसत नाही, कधीच बसत नव्हती. आणि तोच फोटो, त्याच स्वच्छ कोपऱ्यांनिशी सांगतो, की वाटेत बसते ती वनिता. फोटोवर अडचण दाखवणारा बाण काढला तर तो तिच्याकडेच जाईल. जिची भिंतीशी ओळख नवी, जिने गुरुजींच्या देवाला अजून वर्षभरही फुलं दिलेली नाहीत, जिच्या बाजूने पत्रक निघालेलं नाही. ती शेडमध्ये गेली तर म्हसरूळच्या त्या वाट्याच्या मळ्यातला झेंडू कुणी घेणार नाही, आणि मंगलमावशीचे कॅरेट टेंपोतच राहतील.

मला सोपी सुटका सुचली होती. दुचाकी! डावीकडच्या त्या रांगेवर पत्रक काढायचं. गाड्या हलवा, माणसांना जागा द्या. रक्त उसळलंच माझं. बाबांनी फोटो बघितला आणि बोट ठेवलं. "यातल्या एकीवरून वनिताचा नवरा फुलं आणतो. आणि ही पांढरी तुझी." शिवाय गाड्या डावीकडे, उतार उजवीकडे. गाड्या गेल्या तरी वॉकर अडतोच.

मग मी फोटो घेऊन मावशीकडे गेले. मला वाटलं होतं, ती म्हणेल वनिताला काप. किंवा म्हणेल, वनिताला हात लावायचा नाही. दोन्हींची उत्तरं मी घरून तयार करून नेली होती. मावशीने फोन लांब धरून फोटो बघितला, बराच वेळ.

"ह्यो लावला की माझी जागा राहील?"

"राहील."

"आन् हिची?"

मी पलीकडे वनिताच्या कॅरेटकडे बघितलं.

मावशीने फोन माझ्या हातात परत दिला आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा जाईना. "मला काय विचारती गं तू?" ती एकदम चिडून म्हणाली. "मागच्या टायमाला इचारलं व्हतं का? काढला न् छापला. आता अवघड आलं तर मंगलमावशी सांग. मी झेंडू इकते, पोरी. निवाडे नाय इकत."

वनिताने पलीकडून मान लांब केली. "काय हाय ताई? माझा पण फोटो हाय?" मला तो दाखवावाच लागला. तिने बोटांनी स्वतःला मोठं केलं, मंगलमावशी बाहेर गेली, गुरुजी बाहेर गेले, दार गेलं. नुसती वनिता, हिरव्या बांगड्या, केशरी ढीग. "लय भारी आलाय हो! मला पाठवा ना. माझा असा एकटीचा फोटोच नाय." मी पाठवला. तिने तिथल्या तिथे तो फोनवर लावला. अजूनही तिचा फोन आला की माझ्या स्क्रीनवर तोच येतो.

दसरा झाला, गल्लीतले लोक गावोगाव गेले, मग दिवाळी आली, मग कुणाकडे लग्न, कुणाकडे दुखणं. बैठक राहिली. बायका बसत राहिल्या, गुरुजी वॉकर वाकडा करून निघत राहिले. एकदा त्यांचा तोल गेला आणि वनितानेच त्यांना दंडाला धरून सावरलं. कॅरेट मात्र तिने हलवले नाहीत. हलवून ठेवणार कुठे?

आता पुन्हा झेंडू, पुन्हा तीच बैठक, येत्या रविवारी. या वेळी निर्णय होणार असं सगळे म्हणतात. फोटो माझ्याकडे आहे. भिंत मोकळी आहे.

मला एक गोष्ट स्पष्ट करू दे. ‘दोन्ही बाजू बघा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. अजून येतो. बहुतेक वेळा ते शांत आवाजात एका बाजूचंच काम करत असतात. मोठी चौकट आली म्हणून माझी बाजू गेली, असं मी म्हणणार नाही. गल्लीतल्या सगळ्यांत थकलेल्या तीन माणसांना हातभर दगडासाठी एकमेकांसमोर उभं करायचं आणि वर न्यायाची बैठक म्हणायचं, हे मला आजही मान्य नाही. पण पूर्वी मला कुणासाठी ओरडायचं ते डोळा लावला की दिसायचं. आता डोळा लावते आणि हाताने फोकस फिरवत राहते. एकेक करून सगळेच स्पष्ट होतात, आणि तोंडातून घोषणा येत नाही. हे शहाणपण की भित्रेपणा? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या वेळी कात्री होती." त्यांनाही माहीत नसावं.

काल मी जुनी लेन्स पुसून ठेवली. ती वाईट नाही. तिने मला मावशीच्या नाकातल्या मुरणीवरचं ऊन दाखवलं होतं, आणि मोर्चाच्या लेन्समध्ये ते ऊन दिसत नाही. तिथे मावशी अंगठ्याएवढी आहे. पूर्ण फोटोत कुणाचाच चेहरा जवळ येत नाही, हेही मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. जवळ जायचं तर चालत जावं लागतं. मग मागचं पुन्हा सुटतं.

या वेळच्या पत्रकावर फोटो नाही. एक चेहरा निवडता आला नाही, आणि सगळे दाखवले तर एकीची जागा जाते. बाबांनी ते बिनफोटोचं पत्रक बघून मान हलवली, पण घडी घालायला बसले. त्यात मागणीही नाही, विनंती आहे, तीच इथे करते.

तुम्ही गल्लीतले असाल, बाजाराला येणारे असाल, किंवा दसऱ्याला तोरण विकत घेणारं कुणीही असाल, तर रविवारी बैठकीच्या आधी, फुलं मांडली जात असताना या. गुरुजींच्या दाराकडे पाठ करून उभे राहा. वॉकर मागून घ्या, गुरुजी देतील, आणि तो धरून स्वतः उताराकडे वळून बघा. मग एका बाजूला मंगलमावशीच्या पोत्यावर बसा, मग दुसऱ्या बाजूला वनिताच्या. फुलं घ्या, उगाच बसू नका. आणि एक दार, एक वॉकर, दोन बायका आणि त्यांची फुलं एवढ्या दगडावर कशी मांडता येतील, ते तुम्हाला दिसलं तर बैठकीत हात वर करायच्या आधी मला सांगा. मी वर्षभर बघते आहे, मला अजून दिसलेलं नाही.